कर्णाचा वर्ग

सकाळचे साडेआठ वाजले, की नंदनवनातील आमच्या घराची बैठकीची खोली शाळा होत असे. माझी नात खिडकीजवळच्या लहानशा टेबलाशी बसे. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला असे. अंगात शाळेच्या गणवेशाचा शर्ट, केसांना नीट फिती आणि पायांत मात्र घरातल्या सपाता! पडद्यावर इवल्या इवल्या चौकटी उमटत, त्यांतून ओळखीचे चेहरे डोकावत आणि बाईंचा आवाज येई, "मुलांनो, माझा आवाज ऐकू येतो आहे ना?" मग एकाच वेळी अनेक मुले "हो बाई" म्हणत आणि त्या गोंधळात त्या दिवसाची शाळा भरे.

हे २०२० सालचे दिवस. त्या वर्षी मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलुपे लागली. विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या काहिलीमुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. परंतु त्या वर्षी जून सरला, पावसाने मैदाने हिरवी केली, तरी शाळेची घंटा वाजली नाही. ही आपत्ती एकट्या नागपूरवर किंवा महाराष्ट्रावर आली होती, असे नव्हे. जगातील १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थी त्या काळात शाळा-महाविद्यालयांपासून दुरावले होते. शाळेत जाता येत नाही, तर शाळाच घरी आणावी, असा विचार झाला आणि मोबाईलच्या पडद्यावर ऑनलाइन वर्ग सुरू झाले. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरही 'टिलीमिली' नावाची धड्यांची मालिका दिसू लागली.

मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविले आहे. खडूची धूळ माझ्या बोटांना अजून लागलेली आहे, असे मला कधी कधी वाटते. त्यामुळे या नव्या शाळेकडे मी आरंभी थोड्या संशयानेच पाहिले. जिथे फळा नाही, बाक नाहीत, मधल्या सुट्टीत डबा उघडताना दरवळणारा लोणच्याचा वास नाही, ती शाळा कसली? परंतु चार-आठ दिवसांतच माझा संशय मावळला आणि त्याची जागा कौतुकाने घेतली.

कौतुक का वाटू नये? बाई आपल्या घरी बोलत आणि त्यांचा आवाज त्याच क्षणी साठ घरांत पोहोचे. नातीने मला त्यामागचे रहस्यही समजावून सांगितले. बाईंच्या आवाजाचे आणि चित्राचे प्रथम आकडे होतात. त्या आकड्यांची लहान लहान पुडकी बांधली जातात. प्रत्येक पुडक्यावर ते कोठे जायचे याचा पत्ता आणि त्याचा अनुक्रमांक असतो. ही पुडकी वेगवेगळ्या वाटांनी धावत येतात आणि आपल्या मोबाईलमध्ये पुन्हा क्रमाने जुळविली जातात. एखादे पुडके वाटेत हरवले, की बाईंचा आवाज अडखळतो. "म्हणजे हे आपल्या टपालासारखेच झाले की!" मी म्हणालो. "हो आबाजी, पण पोस्टमन फार पळतो!" नात हसून म्हणाली.

या शाळेचे गुण एकेक करून माझ्या ध्यानात येऊ लागले. नातीच्या वर्गातील एक मुलगी बोलताना अडखळत असे. वर्गात ती कधी हात वर करीत नसे. पडद्यावरच्या शाळेत उत्तर लिहूनही देता येते, हे कळल्यावर ती सर्वांच्या आधी उत्तरे देऊ लागली. दुसरा एक मुलगा तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळला होता. बाईंनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले धडे ऐकून त्याने बुडालेला अभ्यास भरून काढला. मी शिकवीत असताना एकदा सांगितलेले वाक्य हवेत विरून जाई. येथे मात्र न समजलेला भाग मूल दहा वेळा ऐकू शकत होते आणि शिकविणाऱ्याच्या कपाळाला आठी पडत नव्हती.

वस्तुतः दूर बसून शिकण्याची ही कल्पना अगदी नवी नव्हे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. माझ्या लहानपणी रेडिओभोवती कोंडाळे करून आम्ही मुले कार्यक्रम ऐकत असू आणि न पाहिलेले देश डोळ्यांपुढे उभे करीत असू. पुढे १९७५-७६ या वर्षी अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांत सुमारे २४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शेतावर राबणाऱ्या, कारखान्यात काम करणाऱ्या, घरसंसार सांभाळणाऱ्या माणसांना घरी राहून पदवी मिळविण्याची वाट मोकळी झाली. ज्याला शाळेच्या दारापर्यंत येता येत नाही, त्याच्या दाराशी विद्या जाते, ही गोष्ट थोर नव्हे काय?

दोषही दिसत होते. दिवसभर पडद्याकडे पाहून नातीचे डोळे चुरचुरत. तिची मान दुखे. पाऊस आला, की आवाज तुटे. बाई भूमिती शिकवीत असताना एखादे मूल हळूच खेळात रमून जाई आणि बाईंना त्याचा पत्ताही लागत नसे. परंतु हे दोष मला किरकोळ वाटले. नवे जोडे आरंभी चावतातच, असे म्हणून मी माझे समाधान करून घेतले. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचता वाचता मी नातीचे धडे ऐकत असे आणि काळ किती पुढे गेला, असे मनाशी म्हणत असे.

डिसेंबर उजाडला. नागपूरची थंडी अंगाला झोंबू लागली. एके दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात बसावे म्हणून मी ओट्यावर आलो, तो खिडकीखाली भिंतीला टेकून एक मुलगा बसलेला दिसला. मी त्याला प्रथमच पाहत होतो, असे नाही. गेले कित्येक दिवस तो तेथे बसलेला मला दिसत असे. पलीकडच्या वस्तीत तो राहतो आणि त्याचे वडील जगनाडे चौकाकडे हातगाडीवर संत्री विकतात, एवढे मला ठाऊक होते. वडिलांची वाट पाहत हा उन्हात बसत असावा, असा माझा समज होता. त्या दिवशी मात्र त्याच्या गुडघ्यावरची वही माझ्या दृष्टीस पडली. तो मान खाली घालून भराभर लिहीत होता.

"अरे, इथे काय करतोस?" मी विचारले.

तो दचकून उभा राहिला. वही पाठीमागे लपवीत हळूच म्हणाला, "शाळा ऐकतो, आबाजी."

शाळा ऐकतो! हे दोन शब्द ऐकून मी जागच्या जागी थबकलो. तो माझ्या नातीच्याच वर्गात होता. त्यांच्या घरी एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील पहाटेच बाहेर पडत. मालाचे निरोप त्यावरच येत. तेव्हा तो घरी ठेवता येत नव्हता. आरंभी रात्री वडील आल्यावर हा त्यावर अभ्यास पाहत असे. पुढे मोबाईलसाठी पैसे पुरेनात, म्हणून तेही थांबले. दिवाळीनंतर एकदा आमच्या घरावरून जाताना त्याला खिडकीतून बाईंचा आवाज ऐकू आला. तेव्हापासून तो रोज साडेआठला येऊन भिंतीशी बसत होता. आत यावे, असे त्याला कधी वाटले नाही आणि त्याला आत बोलवावे, असे आम्हांला कधी सुचले नाही. तो आपल्या गावी गेला असावा, असे वर्गातील सर्व मुलांनी गृहीत धरले होते.

मी त्याची वही पाहायला मागितली. अक्षर टपोरे होते. बाईंचे प्रत्येक वाक्य त्याने टिपून ठेवले होते. मात्र पानापानावर 'आकृती' हा शब्द लिहून त्याखाली मोकळी जागा सोडलेली होती. बाई 'ही आकृती पाहा' असे म्हणत. परंतु भिंतीपलीकडे बसलेल्या मुलाला आकृती कोठून दिसणार? केव्हातरी दिसेल, मग काढू, या आशेने त्याने ती जागा राखून ठेवली होती. एका संपूर्ण वहीत एकही आकृती नव्हती.

शेवटच्या पानावर त्याने लिहिले होते, 'काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.' त्या वाक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "आबाजी, एक विचारू? हा महाभारतातला कर्ण ना? मग तो कोणत्या वर्गात होता?"

मला हसू आले. पण ते ओठांपर्यंत येऊन तेथेच विरले. ज्याने आकृती पाहिलीच नाही, त्याला कर्ण म्हणजे त्रिकोणाची तिरपी बाजू हे कसे कळावे? 'वर्ग' म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणणे, हे त्याला ठाऊक होते. पण शाळेपासून तुटलेल्या त्या मुलाच्या मनात 'वर्ग' म्हटल्यावर आधी कोणता वर्ग येणार? आणि मग मला खराच तो महाभारतातील कर्ण आठवला. शस्त्रविद्येच्या आखाड्यात धनुष्य घेऊन उतरलेल्या त्या वीराला प्रथम विचारले गेले ते त्याचे कुळ. द्रोणाचार्यांनी त्याला ब्रह्मास्त्राची विद्या देण्याचे नाकारले. त्याच्या बाहूंत बळ होते, मनात जिद्द होती. परंतु त्याला बसायला वर्ग नव्हता. आमच्या खिडकीखालच्या या मुलाला कोणी नाकारले नव्हते. तो केवळ कोणाला दिसला नव्हता. पण त्याच्या दृष्टीने दोहोंत फरक तो काय?

मी घरातून खडूचा तुकडा आणला आणि ओट्यावरच्या फरशीवर काटकोन त्रिकोण काढला. एक बाजू ३ वीत, दुसरी ४ वीत. मग त्याला तिरपी बाजू मोजायला सांगितली. त्याने आपल्याच बोटांनी वीत घालून मोजले. "पाच!" तो म्हणाला. प्रत्येक बाजूवर आम्ही चौरस काढला आणि त्यात वीत-वीतभर बाजूंची घरे पाडली. पहिल्या चौरसात ९ घरे झाली, दुसऱ्यात १६. तिरप्या बाजूवरच्या चौरसातील घरे तो मोठ्याने मोजू लागला. बावीस, तेवीस, चोवीस... आणि 'पंचवीस' म्हणताच तो एकदम थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो उजेड पडला, तो पाहण्यासाठीच मी तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो होतो!

तोवर वर्ग संपवून नात बाहेर आली होती. ती म्हणाली, "थांब, तुला एक गंमत दाखवते." तिने मोबाईलवर एक चलच्चित्र लावले. त्यात लहान दोन चौरसांत निळे पाणी भरलेले होते. त्रिकोण हळूहळू फिरू लागला, तसे ते पाणी वाहत वाहत मोठ्या चौरसात गेले आणि तो काठोकाठ भरला. एक थेंब कमी नाही, एक थेंब अधिक नाही. मुलाने ते चित्र पाच वेळा पाहिले आणि पाचही वेळा टाळी वाजविली. मी मान्य केले, की माझ्या खडूला हे कधीच साधले नसते.

त्या दुपारी मी बाईंना फोन केला. सारी हकिगत ऐकून त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "यादीत त्याच्या नावापुढे रोज गैरहजर असे पडत होते. पण सर, निम्म्या मुलांचे चेहरे पडद्यावर नसतातच. वर्गात बाक रिकामा असला, की डोळ्यांत खुपतो. पडद्यावर रिकामी जागा दिसतच नाही. उरलेल्या चौकटी सरकून ती भरून काढतात." मी त्यांना दोष कोणत्या तोंडाने देणार? शेवटच्या बाकावरच्या मुलाचाही चेहरा मी वाचतो, असा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला स्वतःच्या घराच्या भिंतीशी बसलेला विद्यार्थी महिनाभर दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा ओट्यावर भरू लागली. दोघांच्या तोंडांवर मुखपट्ट्या, मध्ये स्टुलावर मोबाईल आणि दोन बाजूंना दोन चटया. बाईही रोज सायंकाळी चार-पाच गैरहजर मुलांच्या घरी फोन करू लागल्या. त्यांतील कित्येकांची कहाणी याच मुलासारखी होती. त्या वर्षी देशातील ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी झाली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे तीत आढळले. म्हणजे शंभरांतील अडतीस मुलांच्या घरी तो नव्हताच! शिवाय घरी मोबाईल असणे आणि तो मुलाच्या हाती असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे तर मी माझ्या ओट्यावरच शिकलो होतो.

ज्यांना हे वेळेवर उमगले, त्यांनी निरनिराळे मार्ग काढले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. येता-जाता मुले ते वाचू लागली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविणारी 'बोलकी शाळा' फिरली. सोलापूर जिल्ह्यातीलच परितेवाडी या लहानशा गावचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तर साथीच्या कितीतरी आधी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. मोबाईल त्या चौकोनी नक्षीवर धरला, की धड्याशी निगडित चित्रे आणि ध्वनी समोर येतात. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्याजवळचे यंत्र केवढे आहे, यापेक्षा ते कोणापर्यंत पोहोचले नाही, याचा विचार करणारा माणूसच खरा शिक्षक होय.

२१ डिसेंबरची सायंकाळ मला विशेष आठवते. त्या दिवशी गुरू आणि शनी हे ग्रह आकाशात एकमेकांच्या अगदी निकट येणार होते. इतके निकट ते १६२३ नंतर प्रथमच येत होते. दोन्ही मुलांनी ओट्यावर बसून मोबाईलवर त्याची माहिती ऐकली आणि सूर्य मावळताच आम्ही गच्चीवर गेलो. नैर्ऋत्येला क्षितिजाच्या थोडे वर दोन ठिपके जणू एकमेकांना चिकटले होते. मुलगा बराच वेळ टक लावून पाहत राहिला. मग म्हणाला, "आबाजी, त्यांच्यामध्ये सत्तर कोटी किलोमीटरांहून अधिक अंतर आहे म्हणे. नुसते दिसतात जवळ." नात चटकन उद्गारली, "आमच्या पडद्यावरच्या वर्गासारखे!" मी काहीच बोललो नाही. पण त्या पडद्यानेच आम्हांला गच्चीवर आणून आकाश दाखविले होते, हेही खरे होते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले. ती दोघे आता आठवीत होती. सकाळी मी त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवायला गेलो. दीड वर्षाने वाजलेली ती घंटा ऐकून माझे डोळे पाणावले. मुलाच्या दप्तरात ती जुनी वही होती. मोकळ्या जागा आता आकृत्यांनी भरलेल्या होत्या.

संध्याकाळी तो धावतच ओट्यावर आला. "कशी झाली शाळा?" मी विचारले. मला वाटले, तो मित्रांविषयी सांगेल, मैदानाविषयी सांगेल. परंतु तो म्हणाला, "आबाजी, आज शिकवताना बाई मध्येच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुला समजलं नाही वाटतं. मी काहीच बोललो नव्हतो. तरी त्यांना कळलं!"

आज नंदनवनातील मुले सकाळी शाळेत जातात आणि सायंकाळी न उमगलेले गणित मोबाईलवर पुन्हा समजावून घेतात. हे मला योग्यच वाटते. पडद्याचा त्याग करावा, असे मी म्हणणार नाही. तो आपल्याला ग्रहांपर्यंत नेतो. पण शेजारच्या भिंतीशी कोण बसले आहे, ते तो सांगत नाही. ते आपणच पाहावयाचे असते. मुलांनो, तुमच्याही वर्गात एखादे नाव दोन-चार दिवस 'हजर' म्हणत नसेल, तर ते मूल गावी गेले असेल, असे समजून गप्प राहू नका. एकदा त्याच्या घराकडे चक्कर टाका. कदाचित ते आपल्या वहीत कोरी जागा सोडून तुमची वाट पाहत असेल.